शेजारची चाळ हादरतेय? साइटवरच्या या चुका टाळा

मुंबईत पायाच्या खड्ड्यात बेसॉल्ट लागतो, खडक फोडायचा ब्रेकर सुरू होतो, दोन दिवसांत शेजारून तक्रार येते आणि मग कुठे सिस्मोग्राफ, म्हणजे हादरे मोजायचं यंत्र, भाड्याने मागवला जातो. इथे क्रमच उलटा आहे. हादऱ्यांच्या कामात पहिलं साधन कॅमेरा आणि तडे मोजायचं कार्ड, सिस्मोग्राफ त्यानंतर.

कारण साधं आहे. घरात बसलेल्या माणसाला सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाचा हादराही जाणवतो (खाली हादऱ्याचे सगळे आकडे याच एककात). साध्या घराच्या गिलाव्याला तडा जायला त्याच्या कितीतरी पट जास्त हादरा लागतो. पण एकदा हादरा जाणवला की माणूस आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या भिंतीकडे नीट बघतो, आणि दहा वर्षांपूर्वीचा तडा त्याला कालचा वाटतो. तो खोटं बोलत नसतो. म्हणून ब्रेकर साइटवर यायच्या आधीच शेजारच्या इमारतीतल्या प्रत्येक खोलीचे फोटो घ्या. तड्याशेजारी पट्टी आणि तारीख दिसली पाहिजे. रुंदी कार्डाने मोजून नकाशावर लिहा आणि त्या कागदावर रहिवाशाचीही सही घ्या. मोठ्या तड्यांवर टेल-टेल, म्हणजे तडा हलला का हे दाखवणारी पट्टी, बसवा. काचेची टेल-टेल फुटली तर तडा हलला एवढंच कळतं, किती आणि कुठल्या दिशेने ते कळत नाही. त्यापेक्षा चौकटी आखलेली प्लास्टिकची बरी. वाचन रोज ठरलेल्या वेळीच घ्या, कारण उन्हाने आणि पावसाळ्याच्या ओलीनेही तडे उघडतात-मिटतात. ‘एवढा वेळ कोणाकडे आहे’ असं म्हणणारे पुढे भरपाईच्या बैठकांना कितीतरी जास्त वेळ देतात.

दुसरी चूक जिओफोन, म्हणजे सिस्मोग्राफला जोडलेला हादरा टिपणारा सेन्सर, ठेवण्याची, आणि हिच्यापायी सगळ्यात जास्त भांडणं होतात. नेहमीचं दृश्य असं: तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची, म्हणून साइटवरचा पोरगा जिओफोन घेऊन तिथेच जातो आणि गॅलरीतल्या सुटलेल्या लादीवर ठेवतो. आकडा येतो ९. आजी म्हणतात बघा, कंत्राटदार म्हणतो लादी हलत होती. दोघंही बरोबर असतात आणि मोजणी वाया जाते. बहुतेक मर्यादा पायथ्याशी, जमिनीलगतच्या मोजणीसाठी लिहिलेल्या असतात. वरच्या मजल्यांचे निकष वेगळे. जिओफोन इमारतीच्या बाहेर, भिंतीपासून ३ मीटरच्या आत, ज्या बाजूने हादरा येतो त्या बाजूला ठेवा. त्यावरचा बाण हादऱ्याच्या स्रोताकडे, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर. माती असेल तर जिओफोनच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा करून पुरा आणि माती ठोकून बसवा. ४० हर्ट्झला (सेकंदाला ४० कंपनं) १० मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.२५ जी त्वरण, गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट. एवढ्याला नुसता ठेवलेला जिओफोन भरवशाचा राहत नाही. फरशीच असेल तर निदान वाळूची पिशवी वर टाका, पिशवी घट्ट भरलेली नको, सैल हवी.

नुसता आकडा सांगून वारंवारता न सांगणं, ही तिसरी. खाणींसाठीचं डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालयाचं) १९९७ चं परिपत्रक घ्या, शहरातली कंत्राटंही बऱ्याचदा तेच लावतात: खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांना ८ हर्ट्झच्या खाली ५, ८ ते २५ मध्ये १० आणि त्यावर १५ मिलिमीटर. म्हणजे ८ चा हादरा ३० हर्ट्झला पास, ६ हर्ट्झला नापास. पुराण्या, नाजूक वास्तूंना हेच आकडे २, ५ आणि १०.

आणि तो चर! ‘मध्ये दोन मीटरचा चर मारू, हादरे अडतील’ हे वाक्य प्रत्येक साइटवर कोणीतरी म्हणतंच. रिकामा चर उपयोगी पडायला त्याची खोली पृष्ठलहरीच्या (जमिनीच्या वरच्या थरातून जाणाऱ्या लहरीच्या) लांबीच्या साधारण ०.६ पट लागते. मातीत लहरीचा वेग सेकंदाला २०० मीटर आणि वारंवारता १० हर्ट्झ धरली तर लांबी २० मीटर, म्हणजे चर १२ मीटर खोल. जुन्या इमारतीशेजारी एवढा चर खणणं हेच हादऱ्यापेक्षा धोक्याचं. त्यापेक्षा यंत्र बदला किंवा लांब न्या. ७.५ मीटरवर ५ मिलिमीटरच्या आसपास देणारा व्हायब्रो रोलर (कंपनाने माती दाबणारा) ३ मीटरवर २० च्या आसपास जातो आणि १५ मीटरवर २ च्या खाली येतो. शेवटच्या पट्ट्यात व्हायब्रेशन बंद ठेवून स्टॅटिक फेऱ्या वाढवा. भिंतीला खेटून व्हायब्रेशन चालू किंवा बंद कधीच करू नका: वेग चढता-उतरता रोलर इमारतीच्या स्वतःच्या वारंवारतेतून जातो आणि तेवढ्या काही सेकंदांतच कमाल आकडा नोंदला जातो.

सुरुंगात एकूण स्फोटक नव्हे, एका डिलेला, म्हणजे एकाच टप्प्यात, फुटणारं स्फोटक मोजा. सिस्मोग्राफचा ट्रिगर (ज्याच्या वर तो नोंद सुरू करतो तो आकडा) ५ वर ठेवून ‘नोंदच नाही, म्हणजे हादरा नाही’ असं कळवू नका, ०.५ वर ठेवा.

रुळांशेजारी इमारत उभी करताना पायाखाली रबर पॅड टाकले की झालं, असं समजणारेही कमी नाहीत. स्वतःची वारंवारता १२ हर्ट्झ असलेला पॅड १७ हर्ट्झच्या वरच हादरा कमी करतो. १२ च्या आसपास तो वाढवतोच. म्हणून आधी मोकळ्या प्लॉटवर पूर्ण २४ तास मोजा, रात्रीची मालगाडी धरून. मुंबईच्या मेट्रो-३ मध्ये रुळाखालचे काँक्रीट ब्लॉकच रबरी बुटात बसवले आहेत. जुन्या उपनगरी मार्गांलगत ती सोय गृहीत धरू नका. पाया भरल्यावर पॅड सरकवता येत नाहीत.