टोपी विसरू नका: फ्रेंचच्या ‘अँपार्फे द्यु स्युब्जाँक्तिफ’मधल्या या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना एक वाक्य मला पुन्हा पुन्हा भेटतं: ‘आप्रे किल फ्यु पार्ति’, म्हणजे ‘तो निघून गेल्यावर’. मोठ्यानं वाचलं तर खोट काढायला जागा नाही. कागदावर मात्र ‘फ्यु’मधल्या यू या अक्षराच्या डोक्यावर टोपी (^ ही खूण) असते, आणि तिथं माझं लाल पेन थांबतं.

एफ-यू-टी एवढंच लिहिलं तर ते ‘पासे सॅंप्ल’, म्हणजे पुस्तकी साधा भूतकाळ. त्यातल्या यूवर टोपी चढली की तेच रूप अँपार्फे द्यु स्युब्जाँक्तिफचं होतं. स्युब्जाँक्तिफ म्हणजे इच्छा, शंका किंवा न घडलेली गोष्ट सांगणारं क्रियापदाचं रूप, आणि हा त्याचा भूतकाळ. उच्चार दोन्हींचा एकच. ‘आप्रे क’नंतर घडून गेलेली गोष्ट येते. तो गेला, त्यात शंका नाही, म्हणून टोपी नाही. ‘आव्हाँ क’, म्हणजे ‘च्या आधी’, याच्यानंतरची गोष्ट त्या क्षणी घडलेली नसते, म्हणून ‘आव्हाँ किल फ्यु पार्ति’मध्ये टोपी हवीच. ‘आप्रे क’नंतर टोपी घालण्याची चूक शिकलेले फ्रेंच लोकही सर्रास करतात, तेव्हा लाज वाटून घेऊ नका. पण पडताळा शिकून घ्या. वाक्य वर्तमानात आणून बघायचं. तिथं ‘स्वा’ (एस-ओ-आय-टी) बसत असेल तर टोपी घाला, ‘ए’ (ई-एस-टी) बसत असेल तर काढा. वर्तमानकाळातला स्युब्जाँक्तिफ बहुतेकांना पाठ असतो, त्यामुळे हा पडताळा दहा सेकंदांत होतो.

या टोपीला इतिहास आहे. जुन्या फ्रेंचमध्ये हे रूप एफ-यू-एस-टी असं लिहीत. एसचा उच्चार केव्हाच गेला होता, लिखाणात तो उरला होता. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या 1740 च्या तिसऱ्या आवृत्तीनं असे पुष्कळ मुके एस काढून टाकले आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी टोपी आली. आपल्याकडे ‘घरांत’, ‘केलें’ यांवरचे उच्चार नसलेले अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, ते आठवा. फरक एवढाच की आपले ते अनुस्वार गेल्यानं वाचताना अडचण झाली नाही. फ्रेंचची ही टोपी गेली तर अर्थ बदलतो. 1990 च्या लेखन-सुधारणेनं आय आणि यू यांवरच्या टोप्या बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक केल्या, तेव्हाही क्रियापदांच्या या रूपांना हात लावला नाही. ‘नव्या नियमानं टोपी लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर इथं ते मानू नका.

चुकीच्या काळापासून सुरुवात

नावात ‘अँपार्फे’ आहे म्हणून विद्यार्थी नेहमीच्या अँपार्फेकडे, म्हणजे ‘करत असे’च्या भूतकाळाकडे, जातात. ‘फेर’ (करणे) याचं ‘ज फझे’ आठवतात आणि त्याला शेपूट जोडून भलतंच रूप तयार करतात. खरं रूप आहे ‘फिस’. ते येतं पासे सॅंप्लच्या ‘तु फि’वरून.

यामागचं कारण एकदा समजलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. लॅटिनमध्ये पूर्ण भूतकाळाचं एक अंग असे. त्याच अंगावरून फ्रेंचचा पासे सॅंप्ल आला आणि त्याच अंगावरच्या ‘अमाविस्सेम’सारख्या रूपांपासून हा काळ आला. ही सख्खी भावंडं आहेत. पासे सॅंप्लचं ‘तु’चं रूप घ्या, शेवटचा मुका एस सोडा आणि पुढे जोडा: एस-एस-ई, एस-एस-ई-एस, तिसऱ्या पुरुषी एकवचनाला टोपी आणि टी, मग एस-एस-आय-ओ-एन-एस, एस-एस-आय-ई-झेड, एस-एस-ई-एन-टी. साचे चारच: ‘पार्ले’चा ‘पार्लास’, ‘फिनीर’चा ‘फिनिस’, ‘आव्वार’चा ‘युस’, आणि ‘व्हनीर’चा नाकातला ‘व्हॅंस’. ज्याचा पासे सॅंप्ल पक्का, त्याला ‘व्हीव्र’चं ‘व्हेक्युस’ किंवा ‘नेत्र’चं ‘नाकिस’ अडत नाही. ज्याचा कच्चा आहे, त्यानं आधी तिकडे जावं. हा काळ आधी शिकायला घेणं म्हणजे पाया न घालता माळा चढवणं.

एस दोनदा लिहायला विसरू नका. दोन स्वरांमध्ये एकटा एस आला की फ्रेंचमध्ये त्याचा झ होतो, आणि शब्दाचा घात होतो. तिसऱ्या पुरुषी एकवचनात मात्र एस अजिबात नाही. ‘पार्लास’ हे रूप ‘इल’ला (तो) लावलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. तिथं ‘पार्ला’ हवं: ए वर टोपी, शेवटी मुका टी.

दिसायला सारखी, पण वेगळी

‘फास’ (एफ-ए-एस-एस-ई) हे ‘फेर’चं वर्तमानातलं स्युब्जाँक्तिफ आहे. शेवट ‘पार्लास’सारखा दिसतो म्हणून त्याला भूतकाळ समजू नका, भूतकाळात ‘फिस’. तसंच ‘शकणे’चं ‘प्युइस’ वर्तमानातलं आणि ‘प्युस’ भूतकाळातलं, ‘ओळखणे’चं ‘कोनेस’ वर्तमानातलं आणि ‘कोन्युस’ भूतकाळातलं. ‘फिनीर’च्या गटात तर वर्तमान आणि भूत यांची सगळी रूपं जुळतात, एक सोडून: वर्तमानात ‘किल फिनिस’, भूतकाळात ‘किल फिनी’, टोपीसकट. ‘आईर’ (द्वेष करणे) हे एक क्रियापद अपवाद. त्याच्या आयवर दोन टिंबं असतात आणि ती टोपीला जागा देत नाहीत. तिथं टोपी घालू नका.

नावावरून अर्थ काढणं

‘अँपार्फे’ म्हटलं की ‘येत असे’, ‘करत असे’ हा अर्थ आपल्या डोक्यात येतो. या काळात तो नाही. ‘ज व्हुले किल व्हॅं’ याचा अर्थ ‘त्यानं यावं असं मला वाटत होतं’. येणं अजून व्हायचंच आहे. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं म्हणून गौण क्रियापदही मागे सरकलं, इतकंच.

आता मराठीकडे बघा. ‘त्यानं यावं असं मला वाटतं.’ ‘त्यानं यावं असं मला वाटत होतं.’ मुख्य क्रियापद बदललं, ‘यावं’ जागचं हललं नाही. आपल्या भाषेत ही सरकासरकी नाही, म्हणून पुस्तकी फ्रेंच लिहिताना आपण ती विसरतो. पण आजची बोली फ्रेंच नेमकी मराठीसारखी वागते: ‘ज व्ह किल व्हिएन’, ‘ज व्हुले किल व्हिएन’. दोन्हीकडे ‘व्हिएन’. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा माझा या काळाचा धाक गेला. वर्गात मी आजही इथूनच सुरुवात करते.

‘व्हिएन’ म्हणणं ही ढिलाई नाही. सरकारी शिक्षण खात्यानंच 1901 च्या आदेशात, मुख्य क्रियापद ‘काँदिस्योनेल’मध्ये, म्हणजे जर-तरच्या रूपात, असेल तेव्हा वर्तमानाचं रूप चालेल असं सांगितलं, आणि 1976 च्या आदेशानं ती सूट भूतकाळातल्या मुख्य क्रियापदांनाही दिली.

‘सि’ आला की सावध

आपण फ्रेंच बहुधा इंग्रजीतून शिकतो. इंग्रजीतलं ‘इफ आय वेअर’ डोक्यात ठेवून विद्यार्थी ‘सि ज फ्युस’ लिहितात. चूक. ‘मी असतो तर’साठी साधा अँपार्फे वापरायचा, ‘सि जेते’. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांना हा सापळा आणखी जवळचा आहे, कारण पोर्तुगीजमध्ये ‘से एउ फोस’ हे रोजचं, बरोबर वाक्य आहे, आणि ‘फोस’ हे फ्रेंच ‘फ्युस’चं लॅटिनमधलं सख्खं भावंड. पोर्तुगीजनं ते घरात वापरात ठेवलं, फ्रेंचनं पुस्तकांच्या कपाटात ठेवलं.

वाचताना होणारी चूक

अनुवाद करणाऱ्यांनी इथं जास्त वेळ द्यावा. जुन्या कादंबरीत ‘यु’ (ई-यू-टी, यूवर टोपी) दिसलं की प्रत्येक वेळी ते स्युब्जाँक्तिफच्या अर्थानं येत नाही. ‘इल यु म्ये व्हाल्यु’ म्हणजे ‘बरं झालं असतं’. रूप इथलं, अर्थ काँदिस्योनेलचा. पडताळा सोपा आहे. त्या जागी ‘ओरे’ (ए-यू-आर-ए-आय-टी) घालून बघा. बसलं तर मराठीत बहुधा ‘असतं’ येणार. ‘आँ न्यु दी’ या ठरीव प्रयोगाचं मात्र भाषांतर ‘कुणी म्हणालं असतं’ असं केलेलं मी वाचलंय, आणि त्या ओळीची सगळी चाल गेली होती. तिथं ‘जणू’ हवं. एका शब्दाचं काम तीन शब्दांनी केलं तर गद्य जड होणारच. ‘द्यु-तिल आँ मुरीर’ म्हणजे ‘त्यात जीव गेला तरी बेहत्तर’. ‘न फ्युस कॅं नँस्ताँ’ म्हणजे ‘निदान क्षणभर तरी’. हे शेवटचं तर आजही लिहिण्यात येतं. त्यातला ‘फ्युस’ म्हणजे टोपीवाला ‘फ्यु’ आणि ‘स’ (सी-ई), मध्ये जोडरेघ; एस-एस-ईवाला ‘फ्युस’ तिथं लिहू नका.

कुठं वापरायचं

फ्रेंच मैत्रिणीला मेसेज करताना ‘तु व्हॅंस’ लिहिलंत तर तिला वाटेल तुम्ही नाटकातला संवाद म्हणताय. ‘आस’ हा शेवट फ्रेंच कानाला तसाही जड जातो, कारण ‘पापरास’ (कागदांचा रटाळ पसारा) किंवा ‘रेव्हासे’ (नुसतं दिवास्वप्नात रमणं) यांसारख्या शब्दांत तोच ध्वनी हलकं लेखायला येतो. मी, तू, आम्ही, तुम्ही यांची रूपं म्हणूनच आधी मागे पडली. तिसऱ्या पुरुषाची टिकली, आणि गंभीर लिखाणात ती अजून शोभतात.

माझं सांगणं असं: सहाही रूपं ओळखता यावीत, लिहावं तिसऱ्या पुरुषातलंच, तेही त्या मजकुरात गोष्ट पासे सॅंप्लमध्ये चालली असेल तरच. पासे काँपोझेमध्ये, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या भूतकाळात, लिहिलेल्या परिच्छेदात मध्येच एक टोपीवाला ‘व्हॅं’ आला, तर मी तो खोडते आणि बाजूला ‘व्हिएन’ लिहिते.