मूल बोलत नाही म्हणून बोलायला लावताय? या चुका टाळा

मूल दोन वर्षांचं झालं आणि गाडी अजून चार-दोन शब्दांवरच अडली असेल, तर घरात हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, "बोलेल की, घाई कसली?" दुसरा दिवसभर मुलाच्या मागे: "बोल ना, पाणी बोल. चेंडू बोल." नुकसान दोन्हीकडून होतं. आणि मुलाला नीट ऐकू येतं का, हे बऱ्याचदा दोघांपैकी कुणीच तपासलेलं नसतं.

आधी एक स्पष्ट केलेलं बरं. सगळे वाचादोष टाळता येत नाहीत. दुभंगलेली टाळू, जन्मजात बहिरेपण, ऑटिझम, आनुवंशिकतेने आलेलं तोतरेपण यांत आईवडिलांचं काहीही चुकलेलं नसतं. आपल्या हातात असतो तो वाया जाणारा वेळ, आणि आपण नकळत घातलेली भर.

"हाक मारली की बघतो, म्हणजे कान ठीक आहेत"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मागून टाळी वाजवली, मूल वळलं, झाली तपासणी! पण टाळी, आपटलेलं दार, गाडीचा हॉर्न हे मोठे आवाज आहेत. ऐकण्यात थोडी घट असलेलं मूलही त्यांना वळतं. काही मुलांना फक्त उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. त्यांना 'आ', 'ओ' व्यवस्थित कळतात, पण 'स', 'श' अर्धवट पोहोचतात किंवा पोहोचतच नाहीत. जे कानावर पडलं नाही ते तोंडातून कसं येणार?

दुसरा प्रकार आणखी फसवा. सर्दी वारंवार होते, कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, ताप नसतो. मूल आज ऐकतं, पुढच्या आठवड्यात ऐकत नाही, आणि घरचे म्हणतात "हट्टी झालाय". टीव्हीचा आवाज वाढवणारं, "काय?" असं सारखं विचारणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर मुलांचे कान अधिक वेळा बिघडतात, हेही त्यांना आपणहून सांगा.

नवजात बाळाची श्रवण चाचणी पहिल्या महिन्यात, शंका असल्यास पक्कं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू, असं वेळापत्रक जगभर मानलं जातं. जन्माच्या वेळी चाचणी ठीक आली होती म्हणून नंतर करायची नाही, असं मात्र नाही. बहिरेपण पुढेही येऊ शकतं. गोवर, गालगुंड, रुबेला आणि मेंदूज्वराच्या काही प्रकारांवरच्या लसी वेळेवर देणं, हा वाचादोष टाळण्याचाच एक भाग आहे. तो कुणाच्या लक्षात येत नाही.

"मुलगे उशिराच बोलतात"

मुलींच्या तुलनेत मुलगे सरासरी थोडे मागे असतात हे खरं, पण हा फरक एखाद-दोन महिन्यांचा, वर्षभराचा नव्हे. कुणाचा तरी काका पाचव्या वर्षी बोलला आणि आज वकील आहे, ही गोष्ट प्रत्येक घरात असते. तिच्या भरवशावर थांबू नका. पहिला वाढदिवस झाला तरी 'बाबाबा', 'दादादा' नाही, बोट दाखवणं नाही, दीड वर्षाच्या आसपास एकही शब्द नाही, दोन वर्षांनी "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडणं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. येत असलेले शब्द मुलाने सोडून दिले, तर वय कोणतंही असो, त्याच आठवड्यात.

घरात दोन भाषा असतील तर शब्द मोजताना दोन्हीकडचे धरा. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. "एकच भाषा बोला" हा सल्ला ऐकून आजीने नातवाशी आपल्या भाषेत बोलणं बंद केलं, तर मुलाच्या वाट्याला येणारं बोलणं उलट कमीच होतं.

दिवसभर तोंडी परीक्षा

"हे काय आहे? कोणता रंग? काकांना सांग ना!" मूल गप्प. पुन्हा प्रश्न. थोड्या दिवसांत मूल प्रश्न ऐकला की तोंड फिरवायला शिकतं. प्रश्न निम्म्यावर आणा आणि मूल जे करतंय त्यावर बोला. ते चमच्याने भांडं वाजवतंय? "टण् टण्! वाजलं भांडं." मग गप्प बसा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. मोठ्यांना हे दहा आकडे फार जड जातात, पण मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो.

बोलण्याआधीच हातात वस्तू ठेवणं ही याच चुकीची दुसरी बाजू. पण शब्द काढल्याशिवाय पाणीच द्यायचं नाही, हा जो 'कडक उपाय' सांगितला जातो तो करू नका. बोट दाखवलं, "पाणी हवंय? घे पाणी" म्हणालात, दिलं. एवढंच.

बोबडे बोल: नक्कल आणि दुरुस्ती

मूल म्हणतं, "दाडी आली!" एक घर कौतुकाने म्हणतं, "अगोबाई, दाडी आली!" दुसरं घर दटावतं, "दाडी नाही, गाडी. ग म्हण. गऽऽ." दोन्ही नको. "हो, गाडी आली. मोठी गाडी आहे," एवढं म्हणा आणि पुढे चला. बरोबर उच्चार कानावर पडला, बोलण्याची मजाही टिकली. लाडाचा, चढ-उताराचा सूर चालतो. लहानग्यांचं त्याकडे लक्षही जास्त जातं. शब्द मात्र अख्खा असावा.

'क', 'ग'ऐवजी 'त', 'द' येणं साधारण चौथ्या वर्षापर्यंत सुटतं. 'र' उशिरा बसतो, त्यासाठी तीन वर्षांच्या मुलाला राबवू नका. अंदाज घ्यायचा तर परक्या माणसाला किती कळतं ते पाहा: दोन वर्षांच्या मुलाचं साधारण निम्मं, तिसऱ्या वर्षी पाऊण, चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं.

जिभेचे व्यायाम, फुगे, शिट्ट्या यांनी उच्चार सुधारतात याला भक्कम आधार नाही. खेळ म्हणून खुशाल खेळा. तसंच जिभेखालचा पडदा. त्यामुळे दूध ओढायला अडचण येऊ शकते, एखादा उच्चारही अडू शकतो, पण मूल बोलतच नाही याचं कारण सहसा तो नसतो. कापून मोकळं होण्याआधी स्पीच थेरपिस्टचं मत घ्या.

अडखळलं की "सावकाश बोल"

दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान बरीच मुलं अडखळतात. "मला मला मला पण" असं शब्द फिरवणं बहुतेकदा निवळतं. "म-म-मला" असा आवाज अडकणं, "मऽऽऽला" असा ताणणं, ओठ घट्ट मिटून शब्द न फुटणं, डोळे मिचकावणं, ही वेगळी लक्षणं. ती दिसत असतील, घरात आणखी कुणी तोतरं असेल किंवा अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं असेल, तर थांबू नका.

"श्वास घे, नीट बोल" म्हटल्याने मुलाला फक्त एवढं कळतं की आपलं बोलणं चुकतंय. त्यापेक्षा तुमचाच वेग कमी करा, वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, नजर हटवू नका.

स्क्रीनचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, एक वर्षाच्या मुलालाही नको. दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास. मोबाईल बंद करून शेजारी टीव्ही चालू ठेवला, तर फारसं साधत नाही. तो कुणी बघत नसलं तरी मोठ्यांचं मुलाशी बोलणं कमी होतं.

तपासणीला जाताना मूल म्हणतं ते सगळे शब्द, अर्धवट असले तरी, कागदावर लिहून न्या. घरी खेळताना बोलतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात मुलं हमखास मुकी होतात. श्रवण चाचणीचा कागद सोबत असू द्या. तो नसेल तर पहिली चिठ्ठी बहुधा त्याच चाचणीची मिळेल.