मॅग्नेटिक टाइल्स रंगवायच्या तर कडा कोऱ्या ठेवा

माझी नात साडेचार वर्षांची आहे. तिचे आईवडील सकाळी आठला घराबाहेर पडतात, मग संध्याकाळपर्यंत गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत ती आणि मी. बावीस वर्षं बालवाडीत शिकवल्यामुळे नवं खेळणं हातात आलं की ते कुठून उघडतं, कुठून तुटतं हे मी आधी बघते. मॅग्नेटिक टाइल्स, म्हणजे कडांत चुंबक बसवलेले प्लास्टिकचे चौकोन आणि त्रिकोण, मला आजी झाल्यावरच भेटल्या, आणि मनापासून आवडल्या. त्या रंगवून खेळायची आमची पद्धत बसायला अख्खा पावसाळा गेला. ती सांगते.

पहिल्या खेपेला मी तिला थेट टाइलवरच रंगवू दिलं. पोस्टर कलर गुळगुळीत प्लास्टिकवर धरेना, थेंब थेंब होऊन गोळा व्हायचा आणि वाळला की पापुद्रे निघायचे. म्हणून ॲक्रिलिक आणला. तो धरला. तिने मनसोक्त फासला, कडांवरसुद्धा. दुसऱ्या दिवशी घर बांधायला बसली तर भिंती उभ्या राहीनात. "आजी, हे रुसलेत," म्हणाली.

टाइल कानाशी धरून हलवून बघा. बारीक खुळखुळ ऐकू येते. कडेच्या आत बसवलेले छोटे चुंबक आपापल्या खोबणीत फिरतात, त्याचा तो आवाज. फिरतात म्हणूनच कुठलीही कड कुठल्याही कडेला लावली तरी ते वळून उत्तर-दक्षिण जुळवून घेतात. पण चुंबकाची ओढ अंतर वाढलं की फार झपाट्याने कमी होते. रंगाचे जाड थर या कडेवर आणि त्या कडेवर, एवढ्यानेही पकड ढिली पडते. त्या टाइल्सच्या कडा मी नखाने खरवडून साफ केल्या आणि तेव्हापासून रंगवायचा तुकडा वेगळा आणि टाइल वेगळी, असं ठरवलं.

तुकडे आम्ही जाड कार्डपेपरचे करतो, ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या. पातळ घेतलात तर रंगाच्या पाण्याने पापडासारखा वळतो. क्रॉफर्ड मार्केटकडे कधी जाणं झालं तर अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागदाची दुकानं आहेत, तिथून मोठे ताव आणते. आमची चौकोनी टाइल साडेसात सेंटीमीटरची आहे, तिच्यासाठी साडेसहाचा चौकोन कापायचा. म्हणजे चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर कड मोकळी राहते. त्रिकोणाला हाच हिशोब लावू नका, मी लावला होता. साडेसातच्या समभुज त्रिकोणावर साडेसहाचा तुकडा ठेवला तर कडेला तीन मिलिमीटरही उरत नाहीत. पावणेसहाचा कापा, बरोबर अर्धा सेंटीमीटर सुटतो. तुमच्या टाइल्स वेगळ्या मापाच्या असतील तर टाइल कागदावर ठेवून पेन्सिलीने आखा आणि त्या रेघेच्या आत अर्धा सेंटीमीटर सोडून कापा. रंगवता येतील असे तुकडे असलेले तयार सेटही मिळतात. त्यांतही चुंबकाची कड असेल तर आधी तिच्यावर मास्किंग टेप लावा, मगच ब्रश हातात द्या.

रंगवायला जमिनीवर रद्दी पसरते, तीन वाट्यांत तीन रंग आणि एकच जाड ब्रश देते. लाल, पिवळा, निळा. हिरवा मागितला की "शोध बघू" म्हणते. पहिल्यांदा हिरवा सापडला तेव्हा ती ब्रश हातात घेऊन शेजारच्या खोलीत दाखवायला धावली होती. पोस्टर कलर कागदावर छान बसतो आणि फ्रॉकवरून धुतल्यावर जातोही, म्हणून तोच वापरते. रंगवून झाल्यावर तुकडा उलटा करून मागून ओला ब्रश हलकेच फिरवायचा, मग तो वळत नाही. एप्रिलमध्ये पंख्याखाली तासाभरात वाळतो. जुलैच्या दमट हवेत मी रात्रभर ठेवते आणि सकाळी पाटाखाली दाबते. लहान मुलांना वाट बघणं जड जातं हे खरं. पण सकाळी उठून "वाळलं का?" विचारत येणारी नात मला फार आवडते, म्हणून हेअर ड्रायर मी काढत नाही. वाळलेला तुकडा टाइलवर डबल साइड टेपच्या दोन बारीक पट्ट्यांनी चिकटवायचा. पुढच्या आठवड्यात तो काढून दुसरा लावता येतो.

बांधायला आम्ही चाळच घेतली, कारण तिला ती पाठ आहे. प्रत्येक टाइल एक दार. एका दारावर तोरण, एकावर कुलूप, एकापुढे चपला. एका मजल्याला दोन टाइल्स नुसत्या उभ्या केल्या तर बिजागरीसारख्या मिटतात. कोपरा केला की उभ्या राहतात. दुसरा मजला चढवण्याआधी मधे टाइल आडवी घालून तक्तपोशी केली नाही तर भिंती हेलकावतात. हे मी तिला सांगितलं नाही. तिसऱ्यांदा कोसळल्यावर तिनेच आडवी टाइल ठेवली आणि वर बोट दाबून पाहिलं.

छपराची गंमत वेगळी. सहा समभुज त्रिकोण टोकाला टोक लावून गोल मांडले की जमिनीवर सपाट षट्कोन होतो. त्यातला एक काढा आणि मोकळ्या कडा जोडा, पाच त्रिकोण आपोआप वर उचलले जातात. टोपीसारखं छप्पर. साठ अंशांचे सहा कोन तीनशे साठ होतात हे तिला शाळेत कळेल. आत्ता तिच्या हाताला कळलंय.

आता घेण्याबद्दल, आणि हे नीट वाचा. खोक्यावर आयएसआयची खूण बघूनच घ्या. १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांवर ती आपल्याकडे सक्तीची आहे. मी आधी फुटपाथवरून बिनखुणेचा एक सेट आणला होता. पलंगावरून पडून एका टाइलचा सांधा उकलला आणि आतला चुंबक मला लादीवर सापडला. तो अख्खा सेट त्याच दिवशी टाकून दिला. मुलाने दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वळ्या मधे धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढू नका, घरी वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. परळला वाडिया हे खास मुलांचंच आहे. दर रविवारी मी प्रत्येक टाइलच्या सांध्यावरून नख फिरवते, अडकलं की ती टाइल बाद. घरात कुणाला पेसमेकर असेल तर टाइल्स त्यांच्या छातीजवळ नेऊ देऊ नका.

टाइल्स बादलीत बुडवून धुऊ नका. सांध्यातून पाणी आत शिरतं आणि निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, टेपचा चिकटा राहिला तर बोटावर खोबरेल घेऊन चोळा. खेळून झालं की आम्ही त्या गोदरेजच्या कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवतो, खोलीत जागा अडत नाही. उतरवलेले रंगीत तुकडे मिठाईच्या डब्यात जातात, मागे पेन्सिलीने तारीख घालून. जूनमधल्या दारांना कडी दाराच्या मधोमध आहे. परवा तिने ती उजव्या बाजूला काढली, खाली उंबरा काढला आणि उंबऱ्यावर दोन पांढरे ठिपके दिले. रांगोळी.