स्टेशनच्या भित्तिशिल्पावर दिवे लावायचे असतील तर

आधी ड्रायव्हरच्या नजरेतून भिंत बघून या. गेल्या खेपेला मी हेच विसरलो. पहिल्याच रात्री फलाटात शिरणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने कळवलं, झोत थेट डोळ्यांवर येतोय. तिथल्या तिथे दिवे बंद करावे लागले, आणि पोरांनी राबून केलेलं शिल्प पावसाळाभर अंधारात राहिलं.

परवानगी लेखीच घ्या, तोंडी नको. वायर, एमसीबी, अर्थिंग तुमचा वायरमन बघेल.

दिवा निवडताना मात्र घाई करू नका. बेळगावजवळच्या खानापूरच्या लाल मातीचं काम स्वस्त एलईडीखाली मळकट तपकिरी दिसतं, कारण त्या उजेडात लाल रंग उमटतच नाही. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वर हवा, आणि खोक्यावर आर-९ चा, म्हणजे गडद लाल रंगाचा वेगळा आकडाही बघा; लाल रंगाचं खरं त्यावरून कळतं. उजेडाचा रंग ३००० केल्विन, म्हणजे उबदार पांढरा. मातीचा उठाव दाखवायचा तर दिवा भिंतीला खेटून, वीतभर अंतरावर लावा, म्हणजे उजेड भिंतीवरून घसरत जातो. सपाट रंगवलेल्या चित्राला उलट: दिवा लांब, वरून, उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांत. नाहीतर वार्निश चकाकतं.

लाल, हिरवा, पिवळा रंगीत दिवा अजिबात नको. कुणी कितीही हौसेने सुचवलं तरी नाही. तिथे सिग्नल असतात.

आणि पुन्हा तेच, ड्रायव्हरची नजर! उंच फलाटावर लाकडी स्टुलावर उभं राहिलं की डोळे साधारण त्याच्या उंचीला येतात. रेल्वेचा माणूस सोबत घ्या, पिवळ्या पट्टीच्या आतच राहा, आणि फलाटाच्या दोन्ही टोकांकडून बघा. गाड्या लोंढ्याकडूनही येतात, मिरजेकडूनही. मी एकच बाजू बघितली असती तरी पुरलं नसतं. दिव्याचा बल्ब डोळ्यांना दिसला, की आडपडदा लावा. ओल्या फलाटावर झोत उलटा फिरतो, म्हणून पाऊस पडत असताना एकदा परत बघा.

वरून २५,००० व्होल्टची तार गेली असेल तर ॲल्युमिनियमची शिडी आणूच नका. तारेपासून दोन मीटरच्या आत रेल्वेच्या परवान्याशिवाय कुणीही जायचं नाही.

आपल्याकडचा पाऊस बघता आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारा दिवा घ्या. जूनमध्ये वाळवीचे पंख दिव्यात भरतात, झाकण बसतंय का बघा. टायमर. जादा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, दोन. पुसायला कोण येणार ते ठरवा. स्टूल न्यायला विसरू नका.