पुण्यात राहून बॉक्सिंग कव्हर करायचंय? मग हे वाचा

पहिलं काम म्हणजे स्कोअरिंग पक्कं करा, बाकी सगळं नंतर. ऑलिम्पिक स्टाइल बॉक्सिंगमध्ये ३ मिनिटांचे ३ राउंड असतात, ५ जज, राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. मोबाईलवर जुन्या फाइट्स लावा, आवाज बंद करा आणि स्वतः वहीत मार्क लिहा, मग खऱ्या निकालाशी ताडून बघा, असं महिनाभर केलंत ना की ३-२ च्या निकालावर (म्हणजे ३ जज एकाच्या बाजूने, २ दुसऱ्याच्या) नेमकं काय लिहायचं ते आपोआप कळायला लागतं.

पत्रकारितेचा कोर्स हवा असेल तर एफसी रोडवर रानडे इन्स्टिट्यूट आहे. पण खरं शिक्षण रिंगजवळच होतं. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात स्पर्धा असली की सकाळच्या पहिल्या फेरीपासून बसा, नुसती फायनल बघून बातमी लिहू नका प्लीज. हरलेल्या पोराशी बोला, पण लगेच नको, त्याला ग्लोव्हज काढू द्या, पाणी पिऊ द्या, कोचला विचारा आणि मगच जा. फाइटआधी बॉक्सर्सचं वजन करतात त्या वेळी पण हजर रहा, पोरं तिथे मोकळी बोलतात.

आणि सुरुवातीला फक्त बॉक्सिंगवर पगार मिळणं अवघड आहे, कबड्डी-कुस्तीपण लिहायची तयारी ठेवा.