लोकअभिरक्षक कार्यालय सांभाळताना वरिष्ठांनी या चुका टाळा

वकीलपत्र दाखल आहे, रोजनाम्यात 'आरोपीतर्फे वकील हजर' अशी नोंद आहे, आणि तरी कारागृहातला माणूस भेटीला आलेल्याला विचारतो, "साहेब, माझा वकील कोण?" लोकअभिरक्षक म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपीला विधी सेवा प्राधिकरणातर्फे मोफत मिळणारा बचावाचा वकील. मुख्य किंवा उपमुख्य लोकअभिरक्षकाच्या कानावर हा प्रश्न आला की पहिला राग सहाय्यकावर निघतो. माझ्या मते तिथेच चुकतं. सहाय्यकाला कारागृहात कधी पाठवायचं, काय विचारून यायला सांगायचं, हे ठरवणं वरिष्ठाचं काम आहे.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेत मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान 10 वर्षांचा अनुभव लागतो, उपमुख्याला 7 वर्षांचा. सहाय्यक मात्र 3 वर्षांपर्यंतच्या अनुभवाचा, अगदी नवखाही चालतो. म्हणजे शिकवण्याची जबाबदारी पदाबरोबरच येते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सत्र खटले स्वतःकडे ठेवून रिमांडचं काम नवख्यावर सोडून देणं. रिमांडला काय मोठंसं, असं वाटतं. पण दिवस मोजायला तिथूनच सुरुवात होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) प्रमाणे गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हे दिवस अटकेपासून नव्हे, तर पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजायचे. तो पहिला दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

समजा, 60 दिवसांच्या गुन्ह्यात रिमांड 1 मार्चला झाला. साठावा दिवस 29 एप्रिल. अर्ज 30 एप्रिलला सकाळीच, कोर्ट बसताना पडला पाहिजे. सहाय्यकाने मोजणी 2 मार्चपासून धरली, तर तो 1 मेची वाट बघत बसतो, म्हणजे महाराष्ट्र दिनाची सुट्टी. दरम्यान 30 तारखेला दुपारी पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं, की हक्क गेला. एका दिवसाच्या चुकीपायी माणूस पुढे कित्येक महिने आत राहू शकतो. म्हणून रिमांड झाला त्याच संध्याकाळी फाइलीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने अर्जाची तारीख लिहून घ्या आणि ती तुम्ही स्वतः बोटांवर मोजून बघा. दर सोमवारी येत्या पंधरवड्यातल्या तारखा मोठ्याने वाचायला लावा. दहा मिनिटं लागतात.

दुसरी चूक जामीन मंजूर झाल्यावर होते. आदेश मिळाला म्हणून फाइल कपाटात जाते. इकडे पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तितक्याच रकमेचा एक जामीनदार मिळत नाही म्हणून पक्षकार आतच असतो. परराज्यातल्या मजुराला इथे ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार देणार कोण? जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिनाभरात जामीन भरला गेला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. पण तेवढं थांबायचं कशाला? जामीन अर्जाच्या युक्तिवादातच पक्षकाराची कमाई, घर, नातेवाईक यांची माहिती मांडायला सहाय्यकाला शिकवा. अट झेपण्यासारखी नसेल, तर त्याच आठवड्यात शिथिलतेचा अर्ज जाऊ द्या.

जन्मठेपेचं प्रकरण सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी कोणाच्याही हातात देऊ नका. अशा खटल्यांत नेमलेल्या वकिलाला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अनोखीलाल प्रकरणात सांगितलं आहे.

आणि उलटतपासणीत सहाय्यक अडखळला, तर भर कोर्टात, पक्षकाराच्या आईसमोर त्याला टोकू नका. तिचा विश्वास त्या क्षणी जातो आणि परत येत नाही. मागच्या बाकावर बसून टिपणं घ्या आणि मग ऑफिसात दार लावून, साक्षीदाराचा जबाब आणि पंचनामा समोर ठेवून, कोणता प्रश्न विचारायला नको होता ते दाखवा.

राहिला सुरुवातीचा प्रश्न. पहिल्या भेटीत सहाय्यकाने एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत आपलं नाव, कलम आणि पुढची तारीख लिहून ती पक्षकाराच्या हातात द्यावी, आणि त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी. सहाय्यक बदलला, तर त्याच आठवड्यात नवी चिठ्ठी गेली की नाही, हे वरिष्ठाने विचारायचं.