निवृत्तीआधी अनुभवी सहकाऱ्याचं काम कसं शिकून घ्यावं

निवृत्त होणाऱ्या माणसाकडून शेवटच्या आठवड्यात घाईघाईने फाइल लिहून घेतात. तीत याद्या असतात, पासवर्ड असतात. यंत्राचा आवाज जरासा बदलला की आधी काय तपासायचं, ते नसतं. म्हणून निदान सहा महिने आधी सुरुवात करा.

१. निवृत्त होणारा ज्येष्ठ आणि शिकणारा धाकटा सहकारी यांची जोडी लावा आणि एकच काम निवडा. आठवड्यातला एक तास ठरवून द्या. तो तास कामातच धरा, नाहीतर दोघेही टाळतील.

२. ‘तुमचा अनुभव सांगा’ असं म्हणू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोण काय सांगणार? नेमकं विचारा. ‘मागच्या वेळी हे बिघडलं, तेव्हा पहिली शंका कशावरून आली?’ ‘नवखा माणूस इथे हमखास कुठे चुकतो?’ ‘नियमात एक आहे, पण तुम्ही वेगळं करता, असं काही आहे का?’ माझ्या मते सगळ्यात जास्त हाती लागतं ते या तिसऱ्या प्रश्नातून. मात्र तो विचारताना साहेब समोर नकोत.

३. करून घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्यांना झटपट तयार करण्यासाठी चार पायऱ्या ठरवल्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि नंतर लक्ष ठेवणं. आपण बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरच थांबतो. तिसरीत शिकणाऱ्याने काम करता करता ‘हे का करतोय’ ते बोलून दाखवावं. चुकीची समजूत तिथेच उघडी पडते.

४. टिपणं धाकट्याने लिहावीत, ज्येष्ठाने तपासावीत. मुरलेल्या माणसाला जे उघड वाटतं, ते तो लिहायचंच विसरतो.

५. उलट दिशेनेही शिकवा. १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी वरच्या सुमारे ५०० अधिकाऱ्यांना तरुण कर्मचाऱ्यांकडून इंटरनेट शिकायला लावलं होतं. शिकवणाऱ्या तरुणांनी एक पथ्य पाळावं: समोरच्याच्या हातातला माउस काढून घेऊ नये. अशा उलट शिकवणीमुळे ज्येष्ठांच्या मनातली एक खरी भीतीही कमी होते. ‘सगळं सांगून टाकलं, तर माझी गरज काय उरली?’ ही ती भीती.

६. ज्येष्ठ सहकारी अजून नोकरीत असतानाच त्यांना आठवडाभर रजेवर पाठवा आणि फोन करू नका. काय काय अडलं ते लिहून ठेवा. ते परत आले की शिकवणी त्या यादीपासून सुरू करा.